तळे सरकारचे, गटार सोसायटीचे

२०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातील एका संकुलाबाबत असा निर्णय दिला की, तिथे मोठ्या सदनिकेच्या मालकाने देखभाल खर्चाचा वाटाही मोठा उचलला पाहिजे. बातमी आली त्याच संध्याकाळी ती आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरू लागली आणि रात्रीपर्यंत तिला आमचे स्थानिक रूप मिळाले: ज्यांच्या खिडकीतून तलाव दिसतो, त्यांनी जास्त मेंटेनन्स भरावा. आमच्या २४० सदनिका पवई तलावाच्या पाणलोटात, म्हणजे जिथे पडलेला पाऊस उताराने शेवटी तलावातच जातो अशा भागात आहेत. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश घरांना तलाव दिसतो, उरलेल्यांना समोरच्या विंगेची वाळत घातलेली चादर दिसते. मी या सोसायटीचा सहा वर्षे खजिनदार होतो. त्या काळात ऐकलेले बहुतेक वाद एका गैरसमजातून निघालेले होते. तलाव, त्याचा काठ, पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांपैकी कशाची जबाबदारी कोणाची, हे आपण घर घेताना विचारत नाही आणि नंतर सभेत मात्र त्यावरूनच भांडतो.

तळे नेमके कोणाचे?

जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ विकला जातो, त्यामुळे तलावाचा थोडासा तुकडा आपण विकत घेतला अशी समजूत होते. कायद्याने तसे काहीच घडत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० नुसार, कोणाच्या खासगी मालकीचे सिद्ध झालेले नाहीत असे नदी, नाले, तळी, तलाव आणि त्यांतील पाणी ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. पवई तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांध घालून तयार झाला. त्याची साठवण क्षमता सुमारे ५४५ कोटी लिटर असून तो महापालिकेच्या ताब्यात आहे. मात्र त्याचे पाणी पिण्यायोग्य राहिलेले नाही, ते औद्योगिक वापरासाठी दिले जाते आणि तलाव भरून वाहू लागला की ते मिठी नदीत जाते.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक सुट्टीत आले की त्यांना आपली ही व्यवस्था चमत्कारिक वाटते, कारण तिकडच्या अनेक वसाहतींत तळेच मुळी विकसकाने खोदलेले आणि घरमालकांच्या संघाच्या नावावर असते. संघ वर्गणी घेतो, गाळ काढतो आणि नावा कुठे बांधायच्या याचेही नियम करतो. आपल्याकडे सोसायटीला तळ्यात बादली बुडवण्याचाही वेगळा हक्क नाही. सोसायटीचा अधिकार कुंपणाच्या भिंतीपाशी संपतो. तिच्या जबाबदारीचे मात्र तसे नाही, कारण कुंपणाच्या भिंतीखालून एक नाली जाते.

‘सोसायटीने करावे’ म्हणजे कोणी करावे?

सहकारी गृहनिर्माण संस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था असते आणि ती उपविधींवर, म्हणजे स्वतःच्या नियमपुस्तिकेवर चालते. पाच वर्षांसाठी निवडलेली समिती रोजचा कारभार पाहते. मोठा निर्णय मात्र सर्वसाधारण सभेचा, म्हणजे सगळ्या सभासदांचा असतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. गणपूर्तीचा नियम आदर्श उपविधींत, म्हणजे शासनाने घालून दिलेल्या नमुना उपविधींत, असा आहे: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतील जी संख्या कमी असेल ती. म्हणजे २४० सदनिकांच्या सोसायटीत वीस माणसे येऊन बसली की सभा कायदेशीर आणि तिचा ठराव उरलेल्या दोनशेवीस जणांवर बंधनकारक. आमच्या सभागृहात पंख्याखालच्या खुर्च्या तेवढ्या भरतात, आणि न आलेल्यांची नाराजी चहाचे कप उचलायच्या आत मोबाइलवर उमटू लागते.

‘तलाव त्यांच्या खिडकीत, पैसे मी का भरू?’

आता त्या व्हायरल बातमीकडे वळू. पुण्याचे ते संकुल सहकारी सोसायटी नव्हते. तिथे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० लागू होता, आणि त्या कायद्यात प्रत्येक सदनिकेचा सामाईक जागेतील अविभक्त हिस्सा टक्क्यांत ठरवून घोषणापत्रात लिहिलेला असतो. त्याच टक्क्यांनी खर्च वाटायचा असतो, म्हणून मोठ्या घराचा वाटा मोठा होतो. सहकारी सोसायटीचे गणित वेगळे आहे. आपण कोणत्या गटात मोडतो हे नोंदणीच्या कागदावर एका ओळीत लिहिलेले असते. वाद घालण्याआधी ती ओळ वाचावी, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

सोसायटीच्या मासिक बिलात एकच आकडा दिसत असला तरी तो अनेक वेगवेगळ्या वाटण्यांची बेरीज असतो. पहारेकरी, सफाई, सामाईक वीज, कार्यालयाचा खर्च ही सेवा शुल्के सर्व सदनिकांत समान वाटली जातात, कारण पहारेकरी तीन खोल्यांच्या घराची राखण एका खोलीच्या घरापेक्षा तिप्पट जागून करत नाही. लिफ्टचा खर्चही समान असतो, आणि तळमजल्यावरच्या सभासदाचा दरवर्षीचा आक्षेप दरवर्षी फेटाळला जातो. पाण्याचा खर्च घरातील नळजोडांची संख्या आणि आकार यांवर ठरतो. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारत म्हातारी होईल त्या दिवसासाठीची गंगाजळी, किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्च क्षेत्रफळानुसार बदलतो, त्यामुळे इथे मोठे घर आपोआप जास्त भरते.

या यादीत ‘खिडकीतून काय दिसते’ असा रकाना कुठेच नाही. तलाव दिसणाऱ्याने त्या दृश्याची किंमत विकसकाला एकदा मोजली आहे. सोसायटीला त्यावर दरमहा दुसऱ्यांदा आकारणी करता येत नाही. घर भाड्याने दिलेल्या सभासदाकडून तलावाच्या नावाने जादा रक्कम घेण्याचीही टूम अधूनमधून निघते. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, एवढे सांगितले की ती विझते.

माझ्या मते मात्र खरा मुद्दा याच्या नेमका उलट आहे. तलाव थोड्यांच्या खिडकीत दिसत असला, तरी तलावाकडे जाणारे पाणी सगळ्यांच्या घरातून निघते, मागच्या विंगेतूनही आणि दुसऱ्या मजल्यावरूनही. तेव्हा वाटणी करायचीच असेल तर ती या पाण्याची करावी लागेल.

एका इमारतीतून निघणाऱ्या दोन वाटा

प्रत्येक इमारतीला पाणी बाहेर नेणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक सांडपाण्याची: संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर यांचे पाणी तिच्यातून प्रक्रियेकडे किंवा महापालिकेच्या मलनिःसारण वाहिनीकडे जाते. दुसरी पावसाची: गच्ची, बाल्कनी आणि अंगण यांवर पडलेले पाणी तिच्यातून थेट नाल्यात आणि नाल्यातून तलावात जाते. दुसऱ्या वाटेवर कुठेही गाळणी नाही, प्रक्रिया नाही आणि ती असण्याची अपेक्षाही नाही, कारण पाऊस स्वच्छ असतो असे गृहीत धरलेले असते. घरातल्या ओट्याचे पाणी कोणी पिण्याच्या माठात सोडत नाही, पण बाहेरच्या भिंतीवरचे सगळे पाइप आपल्याला सारखेच दिसतात आणि घोटाळा तिथे होतो.

आमच्याकडे तो असा उघडकीस आला. एप्रिल महिना होता आणि कित्येक आठवड्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता. सकाळी साडेनऊच्या सुमारास सफाई कामगाराने मागच्या विंगेजवळचे पावसाच्या पाण्याचे चेंबर उघडले. ते कोरडे ठणठणीत असायला हवे होते. आत घोट्याएवढे पाणी, वर पांढरा फेस आणि साबणाचा लिंबासारखा वास. प्लंबरने होळीचा उरलेला गुलाबी रंग कागदाच्या पुडीत घेतला, वरच्या मजल्यापासून सुरुवात करून एकेका बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या पाण्यात चिमूटभर टाकला, आणि मी खाली चेंबरपाशी उकिडवा बसून पाहत राहिलो. एका उभ्या रांगेतील सतरा घरांपैकी अकरा घरांचा गुलाबी रंग माझ्यासमोर चेंबरमध्ये उतरला. त्यात माझ्या स्वतःच्या घराचाही होता.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. आतल्या न्हाणीघरात यंत्र मावत नाही, बाल्कनीत मावते, तिथे पावसाचे पाणी जाणारे भोक आयते असते आणि नळकाम करणारा अर्ध्या तासात नळी त्यात सोडून जातो. पण अशा अकरा घरांचे साबणाचे पाणी, वर्षभर, कोणतीही प्रक्रिया न होता, सरळ तलावाच्या दिशेने जाते.

साबणाने तलावाचे काय बिघडते?

कपडे धुण्याच्या अनेक पावडरींत फॉस्फेट असते आणि मैल्यात नायट्रोजन असतो. शेतात ज्यांना आपण खत म्हणतो त्यांतले हे दोन प्रमुख घटक आहेत. शेतकरी खत मोजून घालतो, तलावात ते न मोजता पडते आणि पाण्यावर जलपर्णी माजते. ती हिरवीगार दिसते म्हणून नवख्यांना आवडतेही. तिने पाण्यावर चटई अंथरली की खाली ऊन पोहोचत नाही, आणि ती कुजू लागली की कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. खिडक्या बंद असलेल्या लोकलच्या डब्यात क्षमतेच्या चौपट माणसे चढावीत आणि श्वास पुरेनासा व्हावा, तशी माशांची गत होते. पाण्यातील घाण कुजताना किती प्राणवायू खाईल याच्या मोजमापाला बीओडी म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात हा आकडा जितका मोठा, तितका डबा जास्त भरलेला.

ही गोष्ट टोकाला गेली की काय होते ते बंगळूरुच्या बेळंदूर तलावाने दाखवले आहे. सुमारे ९०० एकरांच्या त्या तलावाभोवती माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि निवासी संकुले उभी राहिली, शहराचे अपुऱ्या प्रक्रियेचे सांडपाणी त्यात येत राहिले, आणि २०१५ साली त्याच्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा आगी लागल्या. २०१८ ची आग विझवायला लष्कराचे जवान आणावे लागले. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी रस्त्यावर उडून येणारा फेस गाडीच्या काचेवरून पुसलेला आहे. ही आग एकट्या वॉशिंग मशीनमुळे लागली असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, कारण मुख्य दोष न रोखलेल्या मैलापाण्याचा होता. पण त्या फेसात साबणाचा वाटा मोठा होता.

एसटीपी: तळघरातले विरजण

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या, म्हणजे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पांत सांडपाणी प्रक्रिया संयंत्र, बोलीभाषेत एसटीपी, सामान्यतः मंजुरीच्या अटींतच असते. विकसक ते बांधून देतो, हस्तांतराच्या दिवशी चाव्या देतो आणि जातो. आत काय चालते हे त्यानंतर बहुतेक समित्यांना ठाऊक नसते. वास्तविक ते समजायला अगदी सोपे आहे. टाकीत जिवाणू असतात, ते सांडपाण्यातील घाण खातात, आणि त्यांना श्वासासाठी हवा लागते म्हणून ब्लोअर नावाचा पंखा खालून बुडबुडे सोडत राहतो.

हे विरजण आहे असे समजा. विरजण जपले तर रोज दही लागते. ते मेले तर शेजारून मागून आणावे लागते. एसटीपीच्या बाबतीतही अक्षरशः तसेच करतात, म्हणजे दुसऱ्या चालू संयंत्रातून जिवाणूंनी भरलेला गाळ टँकरने आणून टाकतात. आणि ते मरते कशाने? बहुधा काटकसरीने. वीजबिल कमी करावे म्हणून कोणीतरी रात्री ब्लोअर बंद ठेवतो, जिवाणू गुदमरतात, चार दिवसांत तळघरातून कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागतो, मग वास येतो म्हणून सभासद संयंत्रच बंद करायला सांगतात आणि टँकरवाल्याला बोलावले जाते. संडासात ओतलेले ॲसिडही हेच काम करते.

थोडा हिशेब करून पाहू. नियोजनाच्या प्रमाणानुसार माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. २४० घरे, घरटी चार माणसे, म्हणजे ९६० माणसांचे दिवसाचे सुमारे १,३०,००० लिटर. त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे मानले तर रोज एक लाख लिटरहून थोडे जास्त, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. याच १३५ लिटरांपैकी ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. प्रक्रिया केलेले पाणी फ्लशला फिरवले तर रोज सुमारे ४३,००० लिटर ताजे पाणी वाचते. मे महिन्यात टँकरचे बिल भरलेल्या खजिनदाराला हा आकडा कवितेसारखा वाटतो. ब्लोअरच्या विजेचा खर्च या आकड्याशेजारी ठेवून सभेत मांडला तर सभासद ऐकतात, हा माझा अनुभव आहे. पर्यावरण हा शब्द उच्चारून मांडला तर ते घड्याळ बघतात.

‘कर महापालिका घेते, मग तिनेच करावे’

हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. तलावातील जलपर्णी काढणे, गाळ उपसणे, नाल्यांतून येणारा मैला वळवणे ही महापालिकेचीच कामे आहेत आणि ती नीट होत नसतील तर तक्रार, माहितीचा अधिकार, प्रसंगी न्यायालय हे मार्ग आहेत. सोसायटीचा सिंकिंग फंड तलावावर खर्च करावा असे सुचवणाऱ्याला नम्रपणे थांबवावे. तो निधी इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा मोठ्या संरचनात्मक कामासाठी आहे, आणि तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय हलवता येत नाही. पण आपल्या बाल्कनीची नळी महापालिका येऊन बदलणार नाही. शिवाय स्वतःच्या चेंबरमध्ये फेस असलेल्या सोसायटीने प्रभाग कार्यालयात तक्रार नेली, तर तिथला अभियंता पहिल्यांदा तेच चेंबर उघडायला लावतो. आमच्यावर ती वेळ आलेली आहे.

काठावरच्या सगळ्या सोसायट्यांनी फेडरेशन करून एकत्र जाणे जास्त उपयोगी पडते. बंगळूरुमध्ये कैकोंड्रहळ्ळी तलावाचे पुनरुज्जीवन नागरिकांनी महापालिकेबरोबर राहून केले आणि नंतर देखभालीसाठी न्यास स्थापून पालिकेशी करार केला. तलावाची मालकी सरकारचीच राहिली, पण त्याच्यावर रोज लक्ष ठेवणारी माणसे शेजारची झाली.

काठावर सुंदर जॉगिंग ट्रॅक का नको?

हौस समजण्यासारखी आहे. परंतु पाणथळ जागांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार, संरक्षित पाणथळीच्या काठाने, नियम लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूर पातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. नावांच्या धक्क्याचा तेवढा अपवाद आहे. पवई तलावाभोवती खुद्द महापालिकेने सुरू केलेला सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितले. जिथे पालिकेला परवानगी मिळाली नाही, तिथे सोसायटीने कुंपणाबाहेर पेव्हर ब्लॉक टाकण्याच्या भानगडीत पडू नये.

तळे घरी येते तेव्हा

आतापर्यंत आपण आपले पाणी तळ्याकडे कसे जाते ते पाहिले. कधी ते उलटेही येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, १८७० च्या सुमाराचा अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरले. सांडव्यासमोरच्या, म्हणजे तलावातले जादा पाणी बाहेर पडते त्या वाटेसमोरच्या, बांधकामाने प्रवाह अडला का, हा प्रश्न रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेला.

तलावाकाठच्या समितीने यातून दोन कागद तपासायला घ्यावेत. पहिला म्हणजे वीजमीटर, जनरेटर आणि एसटीपीचे ब्लोअर कोणत्या पातळीवर आहेत याचा नकाशा, कारण ते सगळे तळघरात असतील तर एका रात्रीत तिन्ही जातील. दुसरा म्हणजे विमा. आदर्श उपविधी इमारतीचा आग आणि भूकंप यांपासून विमा उतरवणे बंधनकारक करतात. पुराचे नाव त्यात नाही. त्यामुळे एजंटने दिलेल्या पॉलिसीत पूर आणि जलमयता समाविष्ट आहे का, हे समितीनेच डोळ्यांखालून घालावे लागते.

‘समिती पैसे खाते’

तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण आमच्या प्रत्येक वार्षिक सभेत कोणी ना कोणी ऐकवतो आणि तलावाकाठी राहत असल्यामुळे ती हमखास हशा मिळवते. संशय घेण्याचा सभासदाला हक्क आहे, मात्र तो घेण्याची जागा लेखापरीक्षण अहवाल ही आहे. हिशेब आणि इतिवृत्त पाहायला मागता येते, एसटीपीच्या कंत्राटासाठी किती दरपत्रके आली ते विचारता येते. माझ्या सहा वर्षांत हिशेबाची वही पाहायला तिघे जण आले. त्यांतल्या एकाने साडेचारशे रुपयांची चूक काढली, ती खरी होती आणि ती माझीच होती.

गुलाबी रंगाच्या त्या सकाळनंतर अकरा बाल्कन्यांसाठी सांडपाण्याची स्वतंत्र उभी वाहिनी टाकण्याचा ठराव आम्ही मांडला. पहिल्या वर्षी तो फेटाळला गेला, कारण खर्च अकरांनी करायचा की २४० जणांनी यावर रात्री साडेअकरापर्यंत एकमत झाले नाही. दुसऱ्या वर्षी तोड निघाली: उभी वाहिनी सामाईक म्हणून दुरुस्ती निधीतून, आणि यंत्रापासून वाहिनीपर्यंतची आडवी नळी ज्याची त्याने. मे महिन्यात काम झाले. अकरापैकी दहा जणांनी नळ्या जोडून घेतल्या आहेत. अकराव्या घराचे मालक परदेशी असतात आणि भाडेकरू मालकाच्या ईमेलची वाट पाहत आहे, म्हणून त्या चेंबरमध्ये रविवारी सकाळी अजून थोडा फेस दिसतो.